आधी तारीख, मग टपाल

अक्कांचा फोन सूर्यास्तानंतर जेवत नसे.

हे मी गमतीने लिहीत नाही. दिवस मावळायच्या आत अक्का स्वतः जेवून घेत, पेलाभर पाणी पीत आणि मग फोनकडे वळत. त्याचा चार्जर काढत, पाठीवरचं झाकण नखाने उघडून बॅटरी बाहेर घेत आणि पांढऱ्या सुती फडक्यावर फोन एका बाजूला, बॅटरी एका बाजूला अशी देवळीत ठेवून देत. "दिवसभर बडबडलाय," म्हणत. "आता पोटात काय नको आन् डोक्यात काय नको." सकाळी मंदिरातून आल्या, की बॅटरी पुन्हा आत जाई आणि फोन जागा होई.

अक्का म्हणजे सांगलीजवळच्या माधवनगरातल्या माझ्या घरमालकीण. नात्याने त्या माझ्या कुणी नव्हत्या, पण त्या पेठेत त्यांना सगळेच अक्का म्हणत. जैन कुटुंब, यजमानांची सुताची पेढी. यजमान अकाली गेल्यावर त्या पेढीवर स्वतः बसल्या आणि यंत्रमागवाल्यांना भाव करून सूत विकू लागल्या. मी गेले तेव्हा पेढी कधीच बंद झाली होती, मुलं पुण्याला होती आणि मागच्या दोन खोल्या त्या कॉलेजच्या मुलींना देत असत.

मी शिराळ्याजवळच्या गावची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली. वडील मला घेऊन आले तेव्हा ओसरीवर बसायचं की उभं राहायचं हेही आम्हाला ठरवता येईना. अक्कांनीच पाट पुढे सरकवला.

"पोरगी गरीब हाय आक्का," वडील म्हणाले. "पर वाचाय बसली की लाइट घालवत न्हाई."

"लाइट जळू दे. कांदाबटाटा घरात आणायचा न्हाई, एवढंच."

वडील घाबरले. "आवं, कांद्याबिगर आमच्यात भाकरी खाली उतरत न्हाई."

"मग दारात उभी राहून खाऊ दे की. कांद्याचा काय दोष हाय? नियम माझा हाय, तिचा न्हाई."

त्यानंतरची माझी सगळी वर्षं मी कांदा उंबऱ्याबाहेर उभी राहून खाल्ला. अक्का आत ताट घेऊन बसत आणि आमच्या गप्पा उंबरा ओलांडून चालत. एकदा मी त्यांना विचारलं, "अक्का, मला नियम नाही, मग फोनला का?"

"तू भाडेकरू. ह्यो घरचा."

घरच्यांना त्यांच्याकडे सूट नसे. त्यांनी स्वतःला आणखी एक नियम घालून घेतला होता : एका कामाला एकच वस्तू. घरात एक छत्री असली, की ती मोडेपर्यंत दुसरी यायची नाही. त्यामुळे फोनही एकच होता, बोटाने सरकवायचे फोन नवे नवे आले तेव्हाचा. पडद्याच्या कोपऱ्याला तडा होता आणि आवाजाचं बटण गेलं होतं. मुलगा पुण्याहून आला, की दर खेपेला नवा फोन आणायचं म्हणे आणि अक्का जुना उचलून त्याच्या तोंडासमोर धरत. "ह्यो मेला का? न्हाई ना? मग?"

हा "मग?" एकदा माझ्याही वाट्याला आला. पहिल्या वर्षी इंग्रजीत नापास झाले आणि सामान बांधायला लागले, तेव्हा दारात येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "परीक्षा पुन्हा घेत न्हाईत का? घेत्यात ना? मग?" मी ट्रंक उघडली. माझ्या पदवीची गोष्ट विचाराल, तर ती त्या एका शब्दावर उभी आहे.

भाद्रपदात त्यांचं दहा दिवसांचं पर्व संपलं, की क्षमावाणीचा दिवस येई. त्या दिवशी वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या सगळ्यांची क्षमा मागायची असते. अक्का ती मनापासून मागत. दूधवाल्याला हात जोडत, आम्हा मुलींपुढे उभ्या राहत, आणि एकदा तर मी त्यांना तुळशीपाशी वाकून मुंग्यांशी बोलताना पाहिलं. "झाडताना गेल्या असतील काही," म्हणाल्या.

फक्त एका माणसाची क्षमा त्या मागत नव्हत्या. ती त्यांची धाकटी बहीण. ती लेकाकडे कॅनडाला असते. अक्का तिला "धाकटी" म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांची आई याच घरात वारली. धाकटी विमानात होती, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होती. थांबू या, असं काहीजण म्हणाले. अक्का म्हणाल्या, दिवस मावळायच्या आत झालं पाहिजे, रात्रभर ठेवायचं नाही. आणि त्या थांबल्या नाहीत. धाकटी आली तेव्हा आईची खोली धुऊन झाली होती. "तू मला तिचं तोंड बघू दिलं नाहीस," एवढं बोलून ती परत गेली. त्यानंतर मधून कधी फोन झालाच, तर तो भांडणात संपे. पुढे पुढे तोही होईना.

माझ्या शेवटच्या वर्षी, पर्व सुरू व्हायच्या थोडं आधी, अक्का माझ्या खोलीच्या दारात आल्या. फोन पांढऱ्या फडक्यात धरलेला.

"ह्याच्यावरनं टपाल जातंय म्हणं. ते इमेल का काय. धाकटीच्या लेकाचा पत्ता हाय माझ्याकडं."

"फोनच करा की अक्का. सरळ बोला."

"फोनवर ती मधेच बोलती. मग मी बोलती. क्षमा राहती बाजूला. लिहिलेलं कसं, पुरतं वाचायला लागतंय."

मी आधी त्यांना घेऊन सांगलीला मोबाइलच्या दुकानात गेले. तिथल्या पोराने फोन उलटासुलटा केला. "आक्का, ह्यो म्युझियमला द्या. नवं ॲप ह्याच्यावर चढतच न्हाई." अक्कांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "तुझं आजोबा हायत का रं घरात? कवा देणार म्युझियमला?" परतताना रिक्षात त्यांनी तो फडक्यात गुंडाळून मांडीवर धरला.

पोरगा खोटं बोलला नव्हता. नवं काहीच त्यावर चढत नव्हतं. पण फोनच्या आत, खूप मागे, पाकिटाचं चित्र असलेली त्याची स्वतःची एक जागा होती. इतक्या वर्षांत तिला कुणी बोट लावलं नव्हतं. ती उघडली. तिथे येणाऱ्या टपालासाठी एक माहिती भरायची होती, जाणाऱ्यासाठी दुसरी. मी सर्व्हर म्हणजे काय ते समजावू लागले, तर अक्का म्हणाल्या, "म्हणजे आवक आन् जावक. असं सांग की."

मग पत्त्याला नाव ठरवायचं आलं. 'अक्का' दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलेलं होतं. "माझ्याआधी अक्का कोण झाली?" त्यांनी जरा रागानेच विचारलं. शेवटी 'सूतवाली अक्का' घातलं आणि ते लगेच मिळालं. पुढे ते गोल शेपटीचं चिन्ह आलं. मी म्हटलं, याला ॲट द रेट म्हणतात. अक्का खळखळून हसल्या. "ह्याला मी लग्न होऊन आली तवापासनं वळखती. सुताच्या बिलावर असायचंच. अमुक गाठी, मग हे, मग दर." मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "मग सूतवाली अक्का काय दरानं गेली?"

पासवर्डपाशी मात्र त्या अडल्या. हा कुणाला सांगायचा नसतो, असं मी म्हटलं.

"आन् कुणी विचारला तर?"

"नाही सांगायचा."

"माहीत न्हाई म्हणायचं? म्हणजे खोटं बोलायचं?" त्यांनी मान हलवली. "तूच घाल कायतरी. मला सांगू नको. मग मला खरंच माहीत नसंल."

असा जगातला बहुधा एकमेव पासवर्ड तयार झाला, जो त्याच्या मालकिणीलाच ठाऊक नव्हता. खोलीतल्या माझ्या जोडीदारणीलाही तो सांगू दिला नाही. म्हणाल्या, एकीला सांगितलं ते एकीलाच.

दुसऱ्या सकाळी टपाल चालेना. फोन सारखा काहीतरी इंग्रजीत तक्रार करी. पुष्कळ खटपटीनंतर माझ्या ध्यानात आलं, की बॅटरी रात्रभर बाहेर राहिल्याने फोन तारीख विसरतो. रोज सकाळी तो जागा होई तो स्वतःच्या जन्मसालच्या पहिल्या जानेवारीला. ज्याला आज कोणता दिवस तेच ठाऊक नाही, त्याला टपालखातं दारात उभं करत नव्हतं.

मी म्हटलं, अक्का, बॅटरी नका काढू. त्यावर त्यांनी फडकं झटकून पुन्हा देवळीत अंथरलं. मग मी त्यांना तारीख लावायला शिकवली. ते त्यांना एकदम पटलं. "बरोबर हाय. पूजेला बसलं तरी आधी तिथी सांगावी लागती." त्या दिवसापासून सकाळी ओसरीवरून आवाज येई, "आधी तारीख, मग टपाल," आणि त्यामागे बोटाची टकटक.

पत्र त्यांनी स्वतःच लिहायचं ठरवलं. मी 'प्रिय' घालावं, खुशाली विचारावी, असं काहीबाही सुचवलं. "सूत लांबवलं की तुटतं," म्हणाल्या. पेढीवरची पत्रं अशीच लिहीत असणार. एका पत्राला एक विषय, आणि त्यात एकही शब्द फुकटचा नाही.

क्षमावाणीच्या दिवशी मी कॉलेजातून दुपारी आले, तर अक्का ओसरीवर फोन घेऊन बसलेल्या. सकाळी मंदिरातून आल्या आल्या त्यांनी पत्र लिहून, पाठवायचं बटण दाबलं होतं. पण ते जावकमध्येच अडकलेलं.

"तारीख लावली होती का?"

अक्कांनी कपाळावर हात मारला. धाकटीला लिहायच्या घाईत रोजचा मंत्र आजच राहिला होता. मी तारीख लावली, पडदा खाली ओढला, आणि पत्र गेलं. जाण्याआधी ओझरतं दिसलं ते असं होतं :

"विषय : क्षमेबाबत. आई गेली त्या दिवशी मी थांबले नाही. तुला तोंड बघता आले नाही. नियम बरोबर होता. मी चुकले. उत्तम क्षमा."

मी आत जाऊन उगीच पुस्तक उघडून बसले. नियम बरोबर असून माणूस चुकू शकतो, हे आमच्या कुठल्याच पेपराला नव्हतं.

उत्तर आलं नाही.

सकाळी तारीख लागे, टपाल बघितलं जाई, फोन खाली ठेवला जाई. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, आणखी एक पाठवू या, मिळालं का म्हणून विचारू. "क्षमेची पावती मागायची नसती," म्हणाल्या. पण पुण्याचा मुलगा पुन्हा नवा फोन घेऊन आला, तेव्हा "ह्यो मेला का?" म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. टपाल येत नाही यात फोनचाच काही दोष असावा, असं त्यांनाही वाटू लागलं होतं की काय कोण जाणे. फोन मात्र बदलला नाही.

माझी परीक्षा झाली. निकाल लागला त्या दिवशी वडील गावाहून पेढे घेऊन आले आणि आधी अक्कांच्या पाया पडायला वाकले. अक्का मागे सरकल्या. "आवं, तुमी मोठं हायसा. पाया कसलं पडताय?" वडील म्हणाले, "वयानं मोठा आसंन. पर पोरगी तुमी शिकीवली." अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी कुठलं? हिनंच मला आवकजावक शिकीवली."

मला साताऱ्याला नोकरी लागली. निघताना वाईट वाटलं ते बरंचसं त्या पासवर्डसाठी. "फोननं कधी विचारला तर?" मी म्हटलं. "न्हाई विचारणार," अक्का म्हणाल्या. "त्याला म्हाईत हाय, मला येत न्हाई ते."

पण त्याने विचारला. साताऱ्यात मी जरा रुळले होते, तेव्हा अक्कांचा फोन आला. "पोरी, टपालाला बोट लावलं की यंत्र पासवर्ड मागतंय. दुसरं कायच दाखवंना."

"सांगते अक्का, लिहून घ्या."

"मला न्हाई सांगायचा!" त्या ओरडल्याच. मग हळू आवाजात, "तू येशील का?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्याच रविवारी सकाळची गाडी धरली. पण उंब्रजच्या पुढे रस्त्याचं काम निघालेलं, गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. माधवनगरात उतरले तेव्हा उन्हं घरांच्या माळ्यांवर चढली होती. अक्का दारात उभ्या. आत ताट वाढून झाकून ठेवलेलं.

"आधी जेव. दिवस चाललाय."

"तुम्ही जेवा अक्का. मी तोवर हे बघते."

त्या जेवायला बसल्या नाहीत. माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. मी वळून बघितलं, तशी त्यांनी लगेच पाठ फिरवली, पासवर्ड दिसू नये म्हणून. मी तो घातला. चक्र फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. वीज कंपनीचं एक आलं, बँकेची दोन-तीन आली. मग एक असं आलं, की त्याचा विषय मराठीत होता. 'क्षमेबाबत'. पुढे उत्तराची खूण.

"अक्का, धाकटीचं आहे."

"वाच." पाठ तशीच.

मी वाचलं. मला जसं आठवतं तसं लिहिते.

"अक्का, लेकाने नवा कंप्यूटर घेतला. जुन्यातली पत्रं साफ करताना त्याने मला हाक मारली. सगळ्यांत तळाला, कित्येक वर्षांच्या पत्रांखाली तुझं पत्र. वरची तारीख बघितली. तेव्हा आई होती. आपलं भांडण व्हायचं होतं. लेक म्हणतो, मावशीच्या फोनचं घड्याळ चुकलंय. मी म्हटलं, तू गप. आमची अक्का कुणासाठी थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. क्षमा मागायला तरी ती कशाला थांबेल? भांडण व्हायच्या आधीच मागून मोकळी झाली. मीच खाली बघितलं नाही. आता सांग, फोन कधी करू? मी मधे बोलणार नाही."

काय झालं होतं, ते मला तिथेच उमगलं. क्षमावाणीच्या सकाळी तारीख न लावता लिहिलेल्या पत्रावर फोनने आपल्या समजुतीची, त्या जुन्या जानेवारीची तारीख टाकली होती. पत्र गेलं दुपारी, पण पलीकडे पोचून बसलं ते कित्येक वर्षांच्या तळाशी. ही चूक दुसऱ्या कुणाच्या घरात झालीच नसती. फोनला रात्री उपाशी ठेवणारं दुसरं घर मला अजून माहीत नाही.

मी हे सगळं अक्कांना सांगितलं. त्या आता समोर येऊन बसल्या होत्या, पदर तोंडाला. मग म्हणाल्या, "म्हणजे खोट्या तारखेचं पत्र गेलं माझं."

"अक्का, ती फोनची चूक."

"फोनला उपाशी कुणी ठेवला? आण हिकडं. तिला कळवाय पायजे."

"तिला ठाऊक आहे. लेकाने सांगितलंय की."

"त्यानं सांगितलंय. मी न्हाई."

मी बाहेर बघितलं. उन्हं गेली होती, उजेड तेवढा शिल्लक होता. ताट झाकलेलं तसंच. "अक्का, आधी जेवून घ्या, दिवस मावळतोय. पत्र उद्या लिहा."

त्यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एका बोटाने अक्षरं शोधू लागल्या. विषय : तारखेबाबत. "तारीख चुकीची आहे. क्षमा बरोबर आहे." पाठवलं. मग त्यांच्या शिस्तीप्रमाणे दुसऱ्या विषयाला दुसरं पत्र. विषय : फोन. मजकुरात दोनच शब्द.

"कर. थांबते."

ते पत्र गेलं तेव्हा दिवस मावळला होता. अक्कांनी ताट उचलून आत नेलं. त्या दिवशी त्यांना उपास घडला. परत आल्या तर फोनच्या कोपऱ्यात बॅटरीची लाल रेघ. माझा हात सवयीने झाकणाकडे गेला, काढून देवळीत ठेवावी म्हणून.

"काढू नको," अक्का म्हणाल्या. "चार्जरला लाव."

मी चार्जर आणायला उठले.

"तिकडं आत्ता सकाळ हाय. ती उठली असंल." मग फोनवरचं फडकं बाजूला करत म्हणाल्या, "आजच्या रात्री ह्याला भाडेकरू समज."

मी चार्जर लावला. आम्ही दोघी ओसरीवर बसून राहिलो. लांब कुठेतरी माग चालू होता. फोन वाजला तेव्हा अक्कांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. पलीकडून धाकटी कबूल केल्याप्रमाणे मधे बोलत नव्हती, आणि इकडे अक्कांना सुरुवात करता येत नव्हती. मी आत निघून गेले.

सकाळी उठले तर अक्का मंदिरातून येऊन ओसरीवर बसल्या होत्या. रोजच्या सवयीने त्यांनी फोन हातात घेतला, तारीख लावायला बोट पुढे केलं आणि ते तसंच हवेत राहिलं.

"पोरी," त्यांनी हाक मारली, "ह्याला आज तारीख म्हाईत हाय."